चारशे सतरा नंबरचं परमिट

दिगूकाकांना त्यांनी सायकल स्टँडच्या पत्र्याखालून केसांना धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. मे महिना, दुपारचा एक वाजलेला, दवाखान्याच्या मागच्या आवारात तापलेली शहाबादी फरशी. पहिला तडाखा माझ्या भावाने दिला. संग्रामच्या हातात लाईनवर वापरतात तो फायबरचा दांडा होता, अण्णांच्या मोटारसायकलला बांधलेला असायचा तोच. तो खांद्यावर बसला आणि दिगूकाका गुडघ्यांवर आले.

"बोल. का चालू केलीस लाईन?"

"चारशे सतरा," दिगूकाका म्हणाले.

"काय?"

"चारशे सतरा."

"आकडं काय सांगतोस रं? बाप गेला माझा, आणि तू आकडं सांगतोस?"

संग्रामने त्यांच्या पोटात लाथ घातली. मग अण्णांच्या गँगमधल्या दोघातिघांनी. सगळे लाईनमन, सकाळी एकत्र चहा प्यालेले.

अण्णा म्हणजे माझे वडील, धोंडीराम माळकर. एकतीस वर्षं खांबावर चढत होते. आता ते भिंतीपलीकडच्या खोलीत स्ट्रेचरवर होते आणि त्यांचा उजवा हात चादरीबाहेर राहत होता, कारण तो वाकवता येत नव्हता. दिगूकाका म्हणजे दिगंबर लोखंडे, चिंचमळा सबस्टेशनचे ऑपरेटर. अण्णा वर असताना फीडर, म्हणजे ती लाईन, चालू केला तो त्यांनी, आणि कळताच खुर्ची बदली माणसाकडे सोडून ते इकडे धावत आले होते. एकोणीस वर्षं दोघं एका डब्यात जेवले होते.

"पडद्यावर नव्हतं," दिगूकाका म्हणाले. "दोनदा बघितलं. धोंडूला फोन केला, त्यानं उचलला न्हाई. यंत्रमागवाले वीज मागत कॉलर धरून उभे होते. चारशे सतरा पडद्यावर नव्हतं."

"फोन गाडीच्या डिकीत व्हता त्येंचा. खांबावर फोन नेत्यात व्हय?"

"धोंडूची शपथ."

"त्येंचं नाव घेऊ नकोस," संग्राम म्हणाला आणि त्याने दांडा तोंडावर आडवा मारला. दात फरशीवर पडला की बारीक आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रामूतात्या, गँगमधले सगळ्यात जुने, पायरीवर बसले होते. ते मारत नव्हते आणि अडवतही नव्हते. "चेन सोडून झाली व्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "वीज जमिनीत उतरवनारी अर्थिंगची चेन खाली टाकली, एक हात अजून तारेवर. पाच मिनिटं दिली असती तर खाली आला असता."

हे ऐकून पुन्हा सुरू झालं. वॉर्डबॉयने जाळीचा दरवाजा आतून ओढून कुलूप घातलं. पोलिसांची गाडी निघाली आहे असं कुणीतरी म्हणालं.

"गाडी येऊस्तवर जित्ता ऱ्हायला पायजे," तात्या म्हणाले.

"कशाला?" संग्राम म्हणाला. "सस्पेंड करत्यात, आन् सहा महिन्यांनी परत त्याच खुर्चीत बसतोय. आज न्हाई सोडत ह्येला."

तो खरंच सोडणार नव्हता. माझा भाऊ मला माहीत होता. मी भिंतीला टेकून उभी होते, खांद्याला लॅपटॉपची बॅग, आणि बॅगेत फोन थरथरत होता. थांबायचा, पुन्हा थरथरायचा.

परमिट म्हणजे काय ते आमच्या घरात शाळेआधी कळलं होतं. लाईनमन चढण्याआधी सबस्टेशनला फोन करतो. ऑपरेटर लाईन बंद करतो आणि त्याला एक नंबर देतो. तो नंबर मिळाल्याशिवाय पहिल्या पायरीला पाय लावायचा नाही. काम संपलं, माणसं खाली आली, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत द्यायचं. त्याच्या वतीने साहेब देऊ शकत नाही, सोबतचा देऊ शकत नाही. "घेनाऱ्यानंच द्याचं," अण्णा म्हणायचे. घरात हे सगळ्यालाच लागू होतं. शेजारून वाटी मी आणली तर संग्रामने परत न्यायची नाही. आई चिडायची, पण नेत मीच असे.

दिगूकाकांकडे परमिटांची वही होती, दोऱ्याने बांधलेलं पेन होतं आणि पत्र्याची एक पाटी होती. कुणी वर असलं की ती ब्रेकरच्या, म्हणजे लाईन चालू-बंद करणाऱ्या खटक्याच्या, हँडलला अडकवायची. लाल रंगात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं: माणूस वर आहे.

त्या वर्षी ही वही संगणकावर गेली. ते काम कोल्हापूरच्या ज्या कंपनीकडे होतं तिथे मी नोकरीला होते. प्रोग्राम लिहिणारे वेगळे होते. माझं काम मशीन सांभाळायचं. ही मशीनं हाताला लागत नाहीत. दूर कुठेतरी मोठे संगणक असतात, त्यांच्या पोटात असे शेकडो छोटे संगणक कल्पनेने उभे केलेले असतात, आणि खऱ्यासारखं काम करतात. आम्ही त्यांचे गट पाडायचो. परमिटांच्या गटाला सांगून ठेवलं होतं: कायम चार. आलेली नोंद चारांतल्या कुणाकडे धाडायची ते पुढचं फाटक ठरवायचं आणि आपल्या यादीत लिहून ठेवायचं. एखादं मशीन आजारी पडलं की काढून टाकायचं. चार मिनिटांत तसंच दुसरं आपोआप उभं राहतं. नावं नव्हती त्यांना. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

मार्चमध्ये मी चिंचमळ्याला शिकवायला गेले. अण्णा मुद्दाम सुट्टी टाकून आले आणि दाराशी उभे राहिले, जसं काही माझं लग्न होतं.

"परमिट दिलं की इथं लाल ओळ येते," मी दिगूकाकांना दाखवलं. "लाईनमनने मोबाईलवरून परत दिलं की ओळ जाते. पडद्यावर नाही म्हणजे परत आलं. एवढं एकच लक्षात ठेवा काका."

"आन् पाटी?"

"आता कशाला पाटी? पत्रा आहे तो. कुणी लावायला विसरलं तर?"

"मी कवा इसरलोय?" दिगूकाका म्हणाले. मग जरा वेळाने, "आन् पडदाच खोटं बोलला तर?"

अण्णा दारातून हसले. "माझ्या पोरीनं आणलाय त्यो. खोटं बोलत न्हाई."

दिगूकाकांनी पाटी फडक्याने पुसली आणि कपाटावर उलटी ठेवली.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला चौथी रखडायला लागली. माझ्या शेजारी तौफिक मुजावर बसायचा. त्याच्या वडिलांचं हातकणंगल्याकडे कोंबड्यांचं शेड होतं, म्हणून तो मशीनच्या गटाला खुराडं म्हणायचा आणि आता आम्ही सगळेच म्हणत होतो. तीन सबस्टेशनांतून फोन येत होते. पडदा अडकलाय, बाहेर मागवाले जमलेत, ओळी हलत नाहीत.

"चौथी मान टाकतीय," मी म्हणाले.

"मग बघत काय बसलीस? मुरगाळ की."

हाही त्याचाच शब्द. आजारी कोंबडी ठेवली तर शेड जातं, असं तो सांगायचा. मी काढायची कळ दाबली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: हातातलं काम संपेपर्यंत थांबायचं, की लगेच? थांबायचं म्हणजे पंधरा मिनिटं. ताज्या नोंदी मशीन आपल्यापाशी ठेवतं आणि दर पंधरा मिनिटांनी मुख्य साठ्यात लिहितं, म्हणून तो प्रश्न होता. औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तसं ते मला माहीत होतं.

फोन वाजत होता. मी "लगेच" दाबलं. अकरा बावन्न.

चार मिनिटांत नवी चौथी उभी राहिली, हिरवीगार. फोन बंद झाले.

"बघ, आलं पिल्लू," तौफिक म्हणाला आणि चहा आणायला गेला. काढून टाकलेल्या चौथीच्या हातात काय होतं ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही. बारा वाजून दहा मिनिटांनी संग्रामचा फोन आला.

आता आवारात मी बॅगेतून फोन काढला. तौफिकच होता.

"कुठायस?"

"दवाखान्यात."

"बाजूला हो जरा. झालीस? ऐक. काढली त्या चौथीकडं दोन नोंदी गेल्या होत्या. फाटकावरच्या यादीत दिसतायत. साठ्यात त्या पोचल्याच नाहीत. नवीन चौथीला त्या माहीतच नाहीत."

"नंबर सांग."

"चारशे सोळा." तो थांबला.

"दुसरा?"

माझ्या मागे दिगूकाकांच्या बरगडीत लाथ बसली आणि ते म्हणाले, "चारशे सतरा." तोंडात रक्त होतं, तरी आकडा स्पष्ट होता.

"कोण बोलतंय ते?" तौफिकने विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"नीलम, ऐक माझं. ते मशीनच आता नाही. दाखवायला काहीच नाही. तू काढलंस एवढी एक ओळ आहे, ती सात दिवसांनी आपोआप जाते. मी हात लावणार नाही, तू पण लावू नकोस. तुझा बाप गेलाय. तुला कोण विचारणार आहे? मी पण म्हणालो होतो ना मुरगाळ म्हणून. मी पण आहे त्यात."

"दाबलं मी," मी म्हणाले आणि फोन बंद केला.

दिगूकाका आता कुशीवर पडले होते. संग्राम त्यांच्या डोक्याशी उभा होता आणि दांड्यावर हात सरकवून पकड नीट करत होता. अण्णा चढण्याआधी दोरावर तशीच पकड बघायचे.

"थांब," मी म्हणाले.

कुणी वळलं नाही. मी मधे गेले आणि दिगूकाकांवर ओणवी झाले.

"नीले, सर बाजूला."

"त्यांनी काही केलं नाही. मी मशीन काढलं. परमिट त्या मशीनवर होतं."

"कसलं मशीन?"

"सर्व्हर. म्हणजे तसं खरं मशीन नसतं ते. गटात चार असतात, त्यातलं चौथं मी…"

"कुठं हाय त्ये?"

"आता कुठंच नाही."

गँगमधला एकजण हसला. "मशीन न्हाई म्हणं, आन् म्हणं काढलं."

"डोकं फिरलंय तिचं," संग्राम म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "घ्या रं तिला बाजूला. आईजवळ बसवा."

दोघांनी मला दंडाला धरून उचललं. त्यांनी मला सावकाश उचललं, जखमी माणसाला उचलतात तसं. मी पाय झाडले, एकाच्या मनगटाला चावले, तरी त्यांनी पकड घट्ट केली नाही. साठा, फाटक, नोंद, सगळे शब्द माझ्या तोंडात होते आणि त्यांतला एकही या आवारात चालत नव्हता. संग्रामने दांडा दोन्ही हातांनी वर नेला. या वेळी खांदा नव्हता, डोकं होतं.

"चारशे सतरा अण्णांनी घेतलं," मी म्हणाले. "परत मी दिलं."

दांडा वरच राहिला.

तात्या पायरीवरून उठले. एकतीस वर्षांच्या नोकरीत अण्णा ज्या माणसाला वचकून असायचे तो हा एकच. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय म्हनलीस?"

"अण्णा वर होते. अकरा बावन्नला मी परत दिलं. पडद्यावरून गेलं म्हणून काकांनी लाईन चालू केली. पडद्यावर नाही म्हणजे परत आलं, हे त्यांना मीच शिकवलं. पाटी पण मीच काढायला लावली."

"तू कोन देनारी?"

"कुणी नाही, तात्या."

दंड धरलेले हात सुटले. माझ्या आजूबाजूला जागा झाली. ते सगळे मागे सरले होते आणि फरशीवर मी, दिगूकाका आणि संग्राम एवढेच उरलो.

तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून डायरी काढली. संगणक आला तरी त्यांनी आपल्यापुरती डायरी सोडली नव्हती. त्यांनी कोरं पान उघडलं, पेन्सिल मधे ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"लिव्ह."

मी खाली बसले, डायरी फरशीवर ठेवली आणि लिहिलं. नंबर ४१७. घेतलं: धोंडीराम माळकर. परत दिलं: नीलम धोंडीराम माळकर. वेळ ११.५२. खाली सही केली.

संग्राम माझ्या डोक्यावरून वाचत होता. वाचून झालं तेव्हा त्याने दांडा खाली आणला. तो डोक्यात मारणार असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. त्याने सहीवर मारला. माझा उजवा हात अजून सहीवर होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं मोडली, आधी आवाज आला आणि दुखणं नंतर. ती बोटं अजून वाकत नाहीत. या गोष्टीला अकरा वर्षं झाली, आठ बोटांनी टाइप करायला मी शिकले. संग्राम त्या दिवसानंतर माझ्याशी बोललेला नाही. दरवर्षी अण्णांच्या श्राद्धाला आम्ही एका पंगतीत जेवतो आणि आई मीठ त्याच्याकडून माझ्याकडे सरकवते.

पण तेव्हा त्याने दांडा पुन्हा उचलला आणि पुन्हा मारला असता, जर दिगूकाका बोलले नसते. ते कुशीवरून उताणे झाले. डावा डोळा फुटलेला होता, तो पुढे गेलाच. उजव्या डोळ्याने ते मला शोधत होते.

"सोळा," ते म्हणाले.

"सतरा, काका. लिहिलं मी."

"सोळा. सोळा पन दिसत नव्हतं."

मला काही कळलं नाही. तात्यांना कळलं. त्यांचा चेहरा माझ्यासमोर राखेसारखा झाला.

"सोळावर कोन हाय?"

"बिरू खोत," दिगूकाका म्हणाले. "वखारीच्या गल्लीत. तिघं हाईत वर." त्यांनी थुंकून तोंड मोकळं केलं. "माझ्या जागेवर बदली पोरगा बसलाय. नवीन हाय त्यो. मागवाले तिकडचा पन फीडर मागतील त्याच्याकडं. त्याला पडद्यावर मोकळंच दिसनार."

मग सात माणसांनी एकदम खिशात हात घातले.

तात्यांचा फोन आधी लागला. "कोन बोलतंय? चिंचमळा? तू नवीन का? ऐक. तुझ्या मागं कपाट हाय. कपाटावर हात घाल. उलटी पाटी हाय पत्र्याची. घावली? वखारीच्या ब्रेकरला लाव. मागनं कोन वराडतंय? वराडू दे. मारतील? मार खा. आधी पाटी लाव, मग बोल माझ्याशी." त्यांनी फोन कानापासून दूर धरला. त्यातून माणसांचा गलका ऐकू येत होता, काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग पत्रा लोखंडावर वाजला. तो आवाज तिथल्या प्रत्येक लाईनमनने वर्षानुवर्षं ऐकलेला होता. "लावली? खुर्ची ब्रेकरला टेकवून बस. म्या येतोय."

गँगमधले चौघे मोटारसायकली घेऊन सुटले. दोघांनी दिगूकाकांना उचललं. मघाशी लाथा घातल्या होत्या तेच दोघे. वॉर्डबॉयने कुलूप काढलं. संग्राम दांडा टाकून भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याची पाठ हलत होती. मी मोडलेला हात मांडीवर घेऊन फरशीवरच राहिले. उठून त्याच्याकडे जाण्याचा मला हक्क नव्हता आणि अण्णांच्या खोलीत जाण्याचाही.

पोलिसांची गाडी दीडला आली. तात्यांनी हवालदाराला हाताने थांबवलं आणि फोन कानाला लावून उभे राहिले. तेवढा वेळ तोही थांबला.

एक चाळीसला फोन वाजला. तात्यांनी फक्त ऐकलं. मग ते वाकले, माझ्या मांडीजवळची डायरी उचलली, तिच्यावरचं रक्त बोटाने पुसलं आणि माझ्या ओळीखाली आपल्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं नाही, पण पान माझ्याकडे केलं.

नंबर ४१६. घेतलं: बिरू खोत. परत दिलं: बिरू खोत.